रबराच्या गाईत खांद्यापर्यंत हात: व्हेटर्नरी स्किल लॅब वापरून बघितली, त्याचा रिव्ह्यू

गेल्या महिन्यात एका व्हेटर्नरी कॉलेजच्या नव्या स्किल लॅबमध्ये सहा दिवस होते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायला मदत म्हणून आम्हा फिल्डवरच्या चार-पाच जणांना बोलावलं होतं, आणि मुलं यायच्या आधी एक अख्खा दिवस आम्हाला सगळी मॉडेल्स वापरून बघायला दिली होती, त्यामुळे लांबून बघून लिहीत नाहीये, गाईच्या मॉडेलमध्ये खांद्यापर्यंत हात घालून, वासरू ओढून, कुत्र्याची छाती दाबून दाबून मनगटं दुखल्यावर लिहितेय. कॉलेजचं आणि गाय बनवणाऱ्या कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रारीपण आहेत आणि त्या एकाच मशीनच्या अनुभवावरून आहेत. पण ज्यांच्या कॉलेजात किंवा एआय (कृत्रिम रेतन) ट्रेनिंग सेंटरला असलं काही घ्यायचं चाललंय त्यांनी कोटेशन मागवायच्या आधी हे वाचा.

मला हा विषय इतका जवळचा का आहे ते आधी सांगते. आमची बॅच पीडी (गुदद्वारातून हात घालून गाय गाभण आहे का ते तपासणं) शिकली ती अशी, सकाळी क्लिनिकमागच्या खोड्यात (जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीत) एक गाय आणि बाहेर पंचवीस जणांची रांग, प्रत्येकाला दोन मिनिटं. सर विचारायचे, "लागलं का सर्व्हिक्स?" आणि आम्ही म्हणायचो, "हो सर, लागलं." सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाची मान, पण हाताला नक्की काय लागलं ते आम्हालाच माहीत नसायचं. सरांना आमचा हात कुठे आहे ते दिसत नाही, आम्हालाही दिसत नाही, आणि मागे पोरं ताटकळलेली, मग हो म्हणून हात बाहेर काढायचा. त्यात आठ-दहा हात पडून गेले की गाय जोर करायला लागते, हवा आत जाते, रेक्टम (गुदाशय) फुग्यासारखं फुगून कडक होतं, की मग त्या भिंतीतून खालचं काहीच हाताला लागत नाही. माझा नंबर आडनावामुळे कायम शेवटी. दोन वर्षांत मी नक्की किती गर्भाशयं ओळखून धरली असतील विचारलं तर प्रामाणिकपणे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आणि मग इंटर्नशिप. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो, जर्सी क्रॉस गाय, उलटतेय (परत माजावर येतेय) की गाभण आहे ते बघायचं होतं. बरोबरचे डॉक्टर म्हणाले, घाल हात. मी घातला आणि शोधत राहिले, शोधत राहिले, पाच मिनिटं झाली असतील. घरातली आजी गाईच्या तोंडाशी उभी राहून तिच्या गळ्याची पोळी चोळत होती. हात बाहेर काढला तर ग्लोव्हवर रक्त. आजी एवढंच म्हणाली, "बाई, आता बास करा, घाबरलीया ती." डॉक्टरांनी स्वतः हात घातला आणि काही सेकंदांत सांगितलं, तीन महिन्यांची गाभण. म्हणजे मी इतका वेळ एका गाभण पिशवीवर हात दाबत होते. ती गाय पुढे नीट व्याली, कालवड झाली, मी तीन-चार वेळा फोन करून विचारून घेतलं होतं, पण ते रक्त आणि आजीचा तो हात मी अजून विसरलेले नाही. म्हणून लॅबमध्ये त्या रबराच्या गाईसमोर उभी राहिले तेव्हा पहिला विचार हाच आला की ही गाय त्या माणच्या गाईच्या आधी मिळायला हवी होती.

आता मॉडेल. गाईचा मागचा अर्धा भाग फायबरचा, लोखंडी स्टँडवर, उंची साधारण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईची. शेपूट हलवून बाजूला धरावी लागते, हे चांगलं केलंय कारण एका हाताने शेपूट सांभाळायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. आत लॅटेक्सचं रेक्टम, त्याखाली कडक प्लास्टिकचं पेल्व्हिस (कमरेचं हाडांचं कडं), आणि पेल्व्हिसच्या काठाशी क्लिपने अडकवायची गर्भाशयं, रिकामं एक आणि मग दोन, तीन, पाच महिन्यांची. ओव्हरीज (बीजांडकोश) वेगळ्या लावता येतात. फॉलिकल (अंडं असलेला फोड) असलेली दाबली की पिकल्या द्राक्षासारखी तटतटीत लागते, सीएल (अंडं सुटल्यावर तयार होणारी गाठ) असलेलीला एका बाजूला टेंगूळ आणि गर घट्ट, सिस्ट असलेली मोठी आणि गुळगुळीत. यातला फरक मला शिकायला फिल्डवर दीड-दोन वर्षं लागली, इथे एका दुपारी मुलांच्या हातात तिन्ही एकापाठोपाठ दिल्या, आधी टेबलावर डोळ्यांनी बघून, मग डोळे मिटून, मग गाईच्या आत. डोळ्यांकडून हाताकडे असं टप्प्याटप्प्याने नेणं जिवंत गाईत करताच येत नाही.

पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पाठीवरचं झाकण. माझ्या मते या अख्ख्या मशीनची किंमत त्या झाकणात आहे. झाकण उघडलं की शिकवणाऱ्याला वरून दिसतं की पोराचा हात कुठे फिरतोय. एक मुलगा होता, हुशार, थिअरीला टॉपला असणारा, तो दर वेळी म्हणायचा "मॅडम, सर्व्हिक्स धरलंय" आणि वरून बघितलं तर हाताखाली पेल्व्हिसचं हाड. मी त्याचा हात वरूनच धरला, दोन इंच मागे आणला, खाली दाबायला सांगितलं आणि बोटं मिटायला सांगितली, पानांच्या आतून कोवळं कणीस दाबल्यावर कसं घट्ट लांबट लागतं तसं लागायला पाहिजे म्हटलं. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "मॅडम, मग आजपर्यंत मी धरत होतो ते काय होतं?" हा प्रश्न त्याला आज पडला आणि एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पडला नाही, यासाठी मी या मॉडेलला पूर्ण मार्क देईन.

ही कल्पना काही नवीन नाही. ब्रिटनमध्ये सारा बेली या प्रॅक्टिस करणाऱ्या व्हेट होत्या, त्यांनी ग्लासगोला कॉम्प्युटरचं संशोधन करताना हॅप्टिक काऊ बनवली, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. फायबरच्या गाईत एक यंत्र, त्याच्या टोकाला टोपणासारख्या कपात विद्यार्थ्याचं बोट, आणि कॉम्प्युटर त्या बोटावर असा उलटा जोर देतो की खरंच गर्भाशयाला हात लागल्यासारखं वाटतं. शिक्षक स्क्रीनवर बघतो की बोट कुठे आहे. मूळ अडचण तीच ओळखली होती, आत काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही. त्यावर शिकलेल्या मुलांना पुढे खऱ्या गाईत गर्भाशय सापडायचं प्रमाण नुसत्या नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा चांगलं निघालं, हे त्यांनी मुलांना दोन गटांत घेऊन तपासलंय. आमच्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटर-बिंप्युटर काही नाही, साधं झाकण आहे, पण काम तेच करतं. ऑस्ट्रेलियाची ब्रीडन बेट्सी, कॅनडातल्या कॅलगरीची हेन्रिएटा अशाही गाई जगभरच्या कॉलेजांत आहेत, त्या मी हाताळलेल्या नाहीत म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एआयची प्रॅक्टिस तर यावर करायलाच पाहिजे. गन (वीर्य सोडायची लांब नळी) आत घालताना टोक वरच्या बाजूला तिरकं ठेवायचं, नाहीतर खाली मूत्रमार्गाच्या तोंडात जातं, मग थोडं गेल्यावर सरळ करायचं, मग सर्व्हिक्सच्या तोंडाशी आल्यावर खरी गंमत, कारण तोंडाच्या भोवती खळगा असतो आणि नवख्याची गन नेहमी त्या खळग्यात अडकते आणि त्याला वाटतं आत गेली. तिथे जोर लावायचा नसतो, गन जागेवर ठेवून आतल्या हाताने सर्व्हिक्स गनवर ओढून चढवायचं असतं, एकेक रिंग करत. हे वाक्य मी दहा वेळा बोलले तरी उपयोग नव्हता, झाकण उघडून एकदा दाखवलं आणि कळलं. आम्ही स्ट्रॉमध्ये (वीर्याच्या बारीक नळीत) रंगाचं पाणी भरलं होतं. गन काढल्यावर गर्भाशय उघडून बघायचं रंग कुठे पडलाय. पहिल्या दिवशी बहुतेकांचा एका हॉर्नमध्ये (गर्भाशयाच्या शिंगासारख्या फाट्यात) खोल गेलेला, दोघांचा तर सर्व्हिक्सच्या बाहेरच. तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचा सर्व्हिक्स संपल्या संपल्या, जिथे पडायला हवा तिथे. शेतकरी उन्हातान्हात गाय दोन-तीनदा भरवतो, प्रत्येक वेळी उलटते, एकवीस दिवस फुकट जातात, खाद्याचा खर्च चालूच, आणि दोष गाईला लावला जातो. त्यातली किती रेतनं खळग्यातच पडलेली असतील हा विचार मला त्या रंगाच्या पाण्याकडे बघून सारखा येत होता.

एक सुचवणी, नुसती गन घालायला शिकवू नका, त्याच्या आधीचं सगळं करून घ्या. वीर्याच्या स्ट्रॉ ठेवलेला गॉब्लेट (छोटा कप) कंटेनरच्या मानेच्या वर उचलून धरायचा नाही, आतलं नायट्रोजन उणे १९६ डिग्रीचं असतं आणि स्ट्रॉ बाहेरच्या हवेत क्षणभर राहिली तरी मार बसतो, मग ३७ डिग्रीच्या पाण्यात ३० सेकंद, पुसायची, कापायची, शीथ (गनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर) लावायची. आम्ही बाद झालेल्या स्ट्रॉ वापरल्या, थर्मामीटर लावलेला फ्लास्क ठेवला आणि घड्याळ लावून प्रत्येकाकडून करून घेतलं. लॅबच्या मूळ पॅकेजमध्ये हे नव्हतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, ही गाय जोर करत नाही. खऱ्या गाईत कळ आली की हात असा आवळला जातो की बोटांची जाणीव जाते, तेव्हा हात न हलवता थांबायचं असतं, कळ ओसरली की पुढे जायचं. हे थांबणं म्हणजे अर्धी पीडी आहे. मॉडेलमध्ये हात कसाही फिरवा, काही होत नाही, त्यामुळे मुलांना घाईची सवय लागते. आम्ही शेवटी ब्लड प्रेशरचा जुना कफ रेक्टमच्या भोवती गुंडाळला आणि मध्येच एकाने फुगवायचा, की विद्यार्थ्याने हात स्थिर ठेवायचा, आणि फुगलेला असताना हात हलवला की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीने हे आतच बसवून दिलं पाहिजे, काही फार अवघड काम नाही. दुसरं, शेण नाही. हसू नका, शेण काढून रेक्टम रिकामं करणं हीच पहिली पायरी असते. तिसरं, पाच महिन्यांच्या गर्भाशयात धमनीची थरथर नाही. चौथ्या महिन्याच्या आसपासपासून ती मधली धमनी बोटाखाली जी सरसर वाहते तो अनुभव एकदा आला की माणूस विसरत नाही, आणि मोठ्या गाभणपणात पिशवी खाली पोटात उतरलेली असताना तीच खूण उपयोगी पडते.

चौथी तक्रार जरा मनाला लागणारी आहे. म्हैस नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या आणि आपल्याकडे गोठ्यागोठ्यात मुऱ्हा नाहीतर पंढरपुरी आहे, पण मॉडेल मात्र परदेशी उंचीची एचएफ. आपली खिलार, डांगी, देवणीची कालवड यापेक्षा किती लहान आणि अरुंद असते ते हात घातलेल्यालाच कळतं. म्हशीचा माज तर मुका, बाहेरून फारसं दाखवत नाही, तिथे तर हातावरच सगळी भिस्त. निदान एक लहान पेल्व्हिस आणि म्हशीच्या मापाची गर्भाशयं वेगळी विकत मिळायला हवीत.

आणि टिकण्याबद्दल. दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्याच एकाने सवयीने लिक्विड पॅराफिन ओतलं. फिल्डवर आम्ही सगळेच वापरतो. संध्याकाळपर्यंत रेक्टमचं लॅटेक्स फुगून चिकट झालं आणि चौथ्या दिवशी फाटलं. तेल आणि लॅटेक्स यांचं जमत नाही, पाण्यात मिसळणारं ल्युब्रिकंटच वापरायचं, हे माहिती असूनही त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मशीनवर कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेलं नव्हतं. स्पेअर रेक्टम एकच दिलेलं. नवीन मागवायला फोन केला तर दोन महिने सांगितले. तेव्हा घेणाऱ्यांनी किमान चार रेक्टम आणि प्रत्येक गर्भाशयाची जोडी ऑर्डरमध्येच लिहून घ्या, नंतर मागवू म्हटलं तर गाय कोपऱ्यात उभी राहते. हे मी बघितलंय. दुसऱ्या एका ठिकाणी असंच मॉडेल प्लॅस्टिक न काढता कुलपात ठेवलेलं, पाहुणे आले की दाखवायचं, मुलांना वर्षातून एकदा. लाखांची वस्तू आणि शेजारच्या खोड्यात खरी गाय पंचवीस हात सोसतेय. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

व्यायचं मॉडेल मात्र मनापासून आवडलं. मोठी पिशवी, त्यात सांधे हलणारं पूर्ण वासरू, पाहिजे तसं अडकवून ठेवता येतं. एक पाय दुमडलेला, डोकं मागे वळलेलं, पाठमोरं, जुळं. इथे मी मुलांना एकच गोष्ट शंभर वेळा करायला लावली, डोळे मिटून पाय ओळखायचा. खुरापासून वर जायचं, पहिला सांधा वाकवायचा, मग दुसरा. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय, उलट दिशेला वाकले तर मागचा. एवढंसं आहे, पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात, घरातली सगळी माणसं भोवती, कुणीतरी आधीच दोरी बांधून ओढून बसलेलं, अशा वेळी हे चुकलं की वासरू जातं आणि कधीकधी गाय पण जाते. एका मुलीने एका वासराचा पुढचा आणि दुसऱ्या वासराचा मागचा अशा दोन पायांना दोऱ्या बांधल्या आणि तिघं मिळून ओढायला लागले. मी ओढू दिलं. हलेना म्हटल्यावर पिशवी उघडून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग तिने स्वतःहून परत पिशवी बंद करून घेतली आणि पाय छातीपर्यंत चाचपत नेऊन दोन्ही एकाच वासराचे आहेत याची खात्री केल्याशिवाय दोरीला हात लावला नाही. डोकं वळवताना आधी वासरू मागे ढकलून जागा करायची, खुराचं टोक तळहाताने झाकून आणायचं म्हणजे पिशवी फाटत नाही, ही सगळी कामं वासराला वजन आणि सांधे असल्यामुळे इथे खरी वाटतात. फक्त ओलेपणा कमी आहे, साबणाचं पाणी बादलीभर घ्या.

कुत्र्याचं सीपीआर मॉडेल ठीक आहे. प्राण्यांच्या सीपीआरसाठीच्या रिकव्हर गाइडलाइन्स २०१२ मध्ये आल्या आणि २०२४ मध्ये नव्याने आल्या, त्यानुसार मिनिटाला १०० ते १२० दाब, कुशीवर झोपवलेल्या कुत्र्याची छाती एक तृतीयांश ते निम्मी खाली जाईल इतका जोर, आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हे वाचून सोपं वाटतं, मॉडेलवर दीड मिनिटातच जोर कमी होतो हे ज्याला त्याला कळलं. अमेरिकेत कॉर्नेलला रोबो-जेरी नावाचा कुत्रा आहे, त्यात हृदयाचे आवाज, श्वास, मॉनिटरवर ईसीजी, म्हणजे अख्खी इमर्जन्सीच उभी करतात आणि टीम म्हणून सराव घेतात. आमचा नुसता टिकटिक करणारा. तरी एकदा तरी हाताखालून गेला पाहिजे.

आता पैशांचा विषय, कारण सगळ्या कॉलेजांकडे लाखांनी पैसे नसतात, आणि एआयचे कोर्स घेणाऱ्या छोट्या सेंटर्सकडे तर नाहीच नाही. माझं मत असं की गाय घ्यायच्या आधी घरगुती मॉडेल्स बनवा. शिरेतलं इंजेक्शन शिकायला लॅबमध्ये आणलेला तयार कुत्र्याचा पाय होता, आत नळी, वर रबरी कातडी, लाल पाणी. पन्नास-साठ सुया टोचल्यावर नळी गळायला लागली आणि स्पेअर नाही. तिथल्या लॅब अटेंडंट काकांनी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर खाच करून बसवली, वर रेक्झिनचा तुकडा ताणून बांधला आणि सलाइनच्या जुन्या सेटने लाल पाणी सोडलं. सुई आत गेल्यावर हबमध्ये लाल थेंब जसा चढतो ना, तसाच चढला. माझ्या मते विकतच्यापेक्षा हा जास्त चांगला आहे कारण ट्यूब बोटाखाली घरंगळते, अगदी म्हाताऱ्या कुत्र्याची शीर घरंगळते तशी. टाक्यांसाठी फोमवर रेक्झिन, मग चिकनच्या दुकानातून कातडीसकट तंगडी. गाठी बांधायला ग्लोव्हचं बोट पाणी भरून, गाठ सैल राहिली तर पाणी गळतं, लगेच कळतं. एबीसी सेंटरला (भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात तिथे) पहिली कुत्री उघडायच्या आधी प्रत्येकाने अशा शंभर गाठी बांधल्या पाहिजेत, कारण ओव्हरीची गाठ सुटली की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. ब्रिस्टलच्या व्हेटर्नरी स्कूलने असल्या मॉडेल्सच्या आणि स्किल्सच्या फोटोंसकट पुस्तिका नेटवर फुकट ठेवल्यात, इंग्रजीत आहेत पण फोटो बघून कळतं, जरूर शोधा. कुणीतरी त्या मराठीत आणल्या तर आमच्या एआयवाल्या मुलांचं फार भलं होईल.

कत्तलखान्यातल्या अवयवांबद्दल पण लिहिते कारण जुन्या सरांचा पहिला मुद्दा तोच असतो, "मॉडेल कशाला, स्पेसिमेन आणा की." बरोबर आहे, ताज्या स्पेसिमेनमधल्या सर्व्हिक्सचा स्पर्श कुठल्याच रबरात नाही. पण महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैल नाही, म्हणजे मिळणार ते म्हशीचे, आणि देवनारसारखा मोठा कत्तलखाना जवळ असलेल्यांना जे जमतं ते मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या मुलांना रोज जमेलच असं नाही. शिवाय फॉर्मॅलिनमधलं दगडासारखं होतं. आम्ही एक दिवस म्हशीची ताजी गर्भाशयं आणून त्याच फायबरच्या गाईत क्लिपने लावली आणि तो दिवस सगळ्यात उत्तम गेला. वास, चिकटपणा, खरी ओव्हरी, सगळं. म्हणजे दोन्ही एकत्र चालतं, भांडायचं कारण नाही.

आणि एक, काही जण म्हणतात हे परदेशी खूळ आहे. १९६० चा आपला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा काढून बघा, त्यात कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कॉलेजांमध्ये जिथे पुस्तकं, मॉडेल्स, फिल्म यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. साठहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याच संसदेने "मॉडेल्स" हा शब्द लिहून ठेवलाय. शिकण्यासाठी त्याच त्या गाईला रोज खोड्यात घालणं हे कायद्याच्या भाषेत प्रयोगात बसतं का, तो वकिलांचा प्रश्न, मला त्या ओळीतली भावना महत्त्वाची वाटते.

एवढं सगळं असूनही माणूस नसेल तर ही लॅब शून्य आहे. पहिल्या दुपारी आमच्यातले दोघं जेवायला गेले आणि मुलांना म्हणाले तुम्ही करत बसा. अर्ध्या तासाने येऊन बघितलं तर प्रत्येक जण आपापली चूक पक्की करत होता, एक जण मूठ करून हात घालत होता, एक जण सर्व्हिक्स चिमटीत धरून उपटल्यासारखं ओढत होता. जिवंत गाय निदान पाय झाडून सांगते, रबराची गाय काही बोलत नाही. चार मुलांमागे एक शिकवणारा, झाकण उघडं, आणि शेवटी ओस्कीसारखी परीक्षा, म्हणजे एकेका टेबलावर ठरलेलं काम आणि समोर चेकलिस्ट घेऊन बसलेला परीक्षक, असं असेल तरच पैसे वसूल. घ्यायच्या आधी तुमच्याकडे तासाला उभा राहणारा माणूस आहे का ते बघा, मग गाय बघा.

सहाव्या दिवशी मुलांना गोठ्यात नेलं. प्रत्येक गाईला दोनच हात, त्याहून जास्त नाही, हे आधीच ठरवलेलं. सर्व्हिक्स समजून पेल्व्हिसचं हाड धरणारा तो मुलगा माझ्या गटात होता. त्याने ग्लोव्ह घातला, शेपूट बाजूला धरली, बोटं निमुळती करून हळू आत गेला, शेण काढलं. गाईने जोर केला, तो थांबला, डोळे मिटून नुसता उभा राहिला. मग हात किंचित मागे आला, खाली गेला. "मॅडम, सर्व्हिक्स. आणि डावा हॉर्न मोठा आहे, पाणी भरल्यासारखा. दोन महिने?" मी दुसऱ्या ग्लोव्हने बघितलं, दोन महिनेच होते. या सगळ्या वेळात गाय पुढ्यातला कडबा खात होती, एकदाही मान वर केली नाही तिने.

लॅबला जाणार असाल तर सकाळचा स्लॉट घ्या, दुपारी उकाड्यात लॅटेक्स हाताला चिकटतं. ग्लोव्ह स्वतःचे न्या, लॅबचे एकाच मोठ्या मापाचे असतात आणि आमच्यासारख्या लहान हाताच्या मुलींना बोटाच्या टोकाशी काही जाणवत नाही. अंगठ्या, कडी घरी ठेवा, नखं कापा, फाटलेलं दुसरं रेक्टम नखानेच फाटलं होतं. आणि म्हशीचं मॉडेल कुणी कुठे वापरलं असेल तर कृपया कसं आहे, कुठे मिळालं ते सांगा, आमच्या भागातल्या दोन सेंटर्सना हवंय.